बंद घरांचा धूर

शिरूर कासारहून निघालेल्या काळीपिवळी जीपने मला फाट्यावर सोडले. गाव तिथून दिसत नव्हते. फेब्रुवारी सरत आला होता. दोन्ही बाजूंना उघडी रानं, विहिरींच्या तळाशी नुसते दगड. बाटलीतले पाणी अर्ध्या वाटेतच संपले. टेकडीवर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि खाली प्रत्येक घरातून धूर निघत होता.

मला आश्चर्य वाटले. दिवाळीनंतर इथली बहुतेक माणसे पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या फडावर (ऊसतोडीच्या शेतात) जातात. हे गाव मात्र भरलेले दिसत होते.

गल्लीत शिरलो. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्यालाही. आत गोवऱ्या धुमसत होत्या, पत्र्याच्या फटींतून धूर येत होता. हाक मारली, उत्तर आले नाही. भाकरीचा वास कुठेच नव्हता. एक कुत्रे माझ्याकडे बघत राहिले; भुंकले नाही.

वळणावर एक दार उघडले. म्हातारी बाहेर आली, तिने पुन्हा कुलूप लावले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हाताला राख.

“टँकरचे सायेब का तुमी?”

“नाही मावशी. वर्तमानपत्रातून आलोय.”

समोरच्या ओट्यावरचा म्हातारा हसला. “कागदवाला हाय गं गयाबाई. त्याच्याकडं पाणी कुठलं?”

“तुमी गप बसा, लिंबाजीभाऊ. त्यालाच तहान लागलेली दिसती.”

तिने मला अर्धा तांब्या पाणी दिले. गयाबाई बचत गटाच्या अध्यक्ष. उसाला जाणारे किल्ल्या गटाकडे ठेवून जातात. मागे उरलेल्या बायका पाळीपाळीने घरे झाडतात आणि यंदापासून संध्याकाळी चुलीही पेटवतात. कारण विचारल्यावर लिंबाजीबाबा ओट्यावरून उठून आत गेले. गयाबाई आवाज खाली करून बोलल्या. गेल्या साली तपासणीला आलेल्या साहेबांनी कुलपे बघितली, गाव रिकामे असल्याचा शेरा मारला. टँकर बंद झाला. लिंबाजीबाबांची बायको माळापलीकडच्या विहिरीवर गेली होती. पाय घसरून आत पडली. घागर काठावर उभीच होती.

“आज नवे सायेब यायचे हायेत,” गयाबाई म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत जीप आली. साहेब तरुण होते. त्यांनी सगळ्या पत्र्यांवरून नजर फिरवली आणि एका कुलपाकडे बोट केले. “हे उघडा.”

आत सारवलेली जमीन आणि पेटलेली चूल. चुलीवर काहीच नव्हते.

“तवा कुठंय?”

“संगं नेलाय त्यांनी. फडावर भाकरी करावी लागती की.”

“म्हणजे इथं कुणी राहत नाही.”

“न्हाई.”

“मग धूर कशाला?”

गयाबाईंनी चुलीकडे पाहिले. “गेल्या साली आमी म्हातारी माणसं हितंच होतो, सायेब. दिसलो न्हाई.”

एव्हाना इतर दारांतून चार-पाच जणी आल्या होत्या, हातात फुंकण्या घेऊन. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले, काहीतरी लिहिले आणि “सकाळी बघू” म्हणून ते गेले.

जेवायला भाकरी आणि हुलग्याचं माडगं (पातळ पिठले) होते. लिंबाजीबाबांनी घासही घेतला नाही. बंद पडलेल्या दूध संस्थेच्या ओसरीत माझी झोपायची सोय केली होती.

सकाळी धूर पुन्हा सुरू होता.

“आता धूर कावून? साहेबांना सगळं कळलंय,” मी त्यांच्याच बोलीत विचारले.

“टँकर दिसस्तवर,” गयाबाई म्हणाल्या.

फाट्याकडे परतताना टेकडी चढत होतो, तेव्हा टँकर समोरून आला. मी रस्त्याच्या कडेला सरकलो. पाण्याची योजना सरकारची होती, किल्ल्या गावाने सांभाळल्या होत्या. तरी इथे माणूस असल्याचे पटायला एका साहेबांना चुलीपर्यंत यावे लागले. मी वळून पाहिले. टँकर गावात शिरला तसा धूर विरू लागला, एकेका घराचा, कुणी दारोदार फिरत असल्यासारखा. शेवटी गावाच्या एका टोकाला मोजक्या घरांवर तो उरला.

त्या चुलींवर तवे होते.