आईंच्या नावाचा खोका

घर हलवायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. माझ्या नाही आला. इंदरगंजच्या ऑफिसात मी आयुष्यभर फायली लावत आले आहे, मग दोन खोल्यांचा संसार खोक्यांत भरणं मला काय जड? महिनाभर आधीपासून तयारीला लागले. रोज लागत नाही ते आधी, रोज लागतं ते शेवटी. काचेचं सामान जुन्या साड्यांत गुंडाळलं, पिठाच्या डब्यांची झाकणं टेपनं बंद केली आणि प्रत्येक खोक्यावर मार्करनं ठळक लिहिलं: स्वयंपाकघर, पुस्तकं, देव, आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. खरं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. शिंदे की छावनीतली आमची भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि आईंचे गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरकडे जायचं असेल तरच त्या खाली उतरायच्या, तेही मुलाचा खांदा धरून. म्हणून मुरारकडे लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. त्यांच्या न्हाणीघरात धरायला दांडे लावले, पलंगाची उंची त्यांच्या गुडघ्यांना सोसेल अशी करून घेतली. आता त्या तिथे सुखानं रुळल्या की आम्ही जिंकलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आईंनी कशालाही नाही म्हटलं नाही. नवऱ्याची आणि माझी रोज चर्चा चालायची. फ्रीज उभाच न्यायचा, तो शेवटी चढवायचा. आईंना त्याच्या आधी रिक्षानं पाठवायचं की सामान लागल्यावर न्यायचं? आई तिथेच बसून लसूण सोलत असायच्या. "तुमच्या हिशोबानं बघा, मला काय," एवढंच म्हणायच्या.

त्यांनी एकच गोष्ट काढली. ट्रक मिळाला रविवारचा, आणि रविवारी अमावस्या. "अमावस्येला नवीन घरात? नाही हं. गुरुवारी प्रस्थान ठेवा, मग रविवारी निघालात तरी चालेल."

आमच्याकडे ही जुनी सोय आहे. निघायचा दिवस वाईट असेल तर चांगल्या दिवशी कापडात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि जाणाऱ्या प्रत्येकाचं एखादं वस्त्र बांधायचं आणि ती पुरचुंडी जायच्या वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची, निघताना तिथून उचलायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. मला हसू आलं, पण म्हटलं, चला, त्यांची एवढी तरी हौस होऊ दे.

गुरुवारी ऑफिसला निघता निघता मी आईंच्या समोरच पुरचुंडी बांधली. नवऱ्याचा रुमाल घातला, माझा एक ब्लाउजपीस घातला. आईंच्या खोक्याला मी आदल्याच दिवशी तिहेरी टेप मारली होती, आणि एका रुमालासाठी ती कोण फाडत बसणार?

"एवढंच का?" आईंनी विचारलं.

"एवढंच. झालं," मी म्हटलं आणि गाठ मारली. समोरच्या घरात तळमजल्यावर चाची राहतात, दुपारी वर येऊन आईंशी गप्पा मारणाऱ्या. त्यांच्या कोनाड्यात पुरचुंडी ठेवून मी ऑफिस गाठलं.

रविवारी सकाळी ट्रक आला. हमाल एकामागून एक खोके उचलत होते, मी दारात उभी राहून कुठला आधी, कुठला नंतर ते सांगत होते. स्वतःवरच खूश होते, लपवत कशाला. तेवढ्यात एका हमालानं एक खोका दोन बोटांवर उचलून हलवला.

"मैडम, ये तो खाली है."

खोक्यावर माझ्याच अक्षरात 'आई' लिहिलेलं होतं. खालच्या बाजूनं टेप नीट कापलेली. आत डांबराच्या दोन गोळ्या सोडून काही नव्हतं. साड्या नाहीत, शाल नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा खोका रिकामा निघाला. मी आ वासून उभी राहिले. मग ओरडले, "आई!"

दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या, भिंतीवर फक्त फोटोंचे चौकोन. न्हाणीघर पाहिलं, गच्ची पाहिली. नवरा धावत चौकापर्यंत जाऊन आला. जी बाई आधाराशिवाय दोन पायऱ्या उतरत नाही, ती जाणार कुठे?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आई समोर चाचींकडे होत्या. मागच्या खोलीत, खाटेवर, पाय लांब करून. ट्रक यायच्या आधीच, आम्ही आवराआवरीत असताना, एकट्याच जिना उतरून आल्या होत्या. खाटेशेजारच्या कपाटात त्यांच्या साड्या घडी घालून लावलेल्या.

"चार दिन से थोड़ा-थोड़ा ला रही हूँ मैं," चाची बावरून म्हणाल्या. "अम्मा ने कहा, बच्चों को पता है."

मी भडकलेच. "आई, हे काय चाललंय? खाली ट्रक उभा आहे! कोणासाठी करतोय आम्ही हे सगळं?"

आई रागावल्या नव्हत्या, हे मला जास्त लागलं. त्यांनी कोनाड्यातली पुरचुंडी मागितली, गाठ सोडली आणि मांडीवर एकेक वस्तू ठेवली. "हा त्याचा रुमाल. हे तुझं कापड. आता माझं दाखव."

"अहो, तुमचा खोका पॅक झाला होता!"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

"मी तर विचारलं होतं तुला, एवढंच का. तू म्हटलंस, एवढंच." त्या अगदी समजुतीनं बोलत होत्या, जणू चूक त्यांचीच. "ज्याचं प्रस्थान ठेवतात तोच निघतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी म्हटलं, खोका भरला तेव्हा न्यायचं ठरलं असेल, मागाहून अडचण आली असेल. तोंडानं सांगायला मुलांना जड जातं. तुम्ही असं सांगितलं, मी समजून घेतलं. इथे जिना पण नाही."

एका रुमालापायी ही बाई चार दिवस, आपल्याला मागे ठेवून जाताहेत असं धरून आमच्यात वावरत होती. संध्याकाळी मला चहा देत होती. मला आधी त्यांचाच राग आला, की विचारायचं तरी! मग आठवलं, विचारलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. नवरा दारात उभा होता.

"चला, आई," तो शेवटी म्हणाला. "आत्ताच चला."

"आज अमावस्या," आई म्हणाल्या. "माझं प्रस्थान झालेलं नाही."

मुलगा हात जोडायला लागला तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी ट्रकबरोबर तो पुढे गेला, जुनी पुरचुंडी खिशात घालून. मी राहिले. माझं सगळं वेळापत्रक ट्रकमध्ये बसून मुरारला गेलं आणि मी चाचींच्या सतरंजीवर आईंच्या खाटेशेजारी झोपले.

सोमवारी सकाळचाच वेळ चांगला होता, गाडी संध्याकाळी येणार होती. मी चाचींकडून नवं फडकं घेतलं, सुपारी, हळकुंड, तांदूळ घेतले. आईंनी आपला रुमाल दिला, तो वर ठेवला आणि गाठ मारायला लागले.

त्यांनी माझा हात धरला. "तुझं?"

"माझं गेलं की कालच, आधीच्या पुरचुंडीत."

"ते त्याच्याबरोबर गेलं," आई म्हणाल्या. "माझ्याबरोबर कोण येणार आहे?"

मी गळ्यातली ओढणी काढली आणि त्यांच्या रुमालावर ठेवली.