अर्धी बदललेली माती

मातीवाले काका माती जिभेवर ठेवून पाहत. माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले होते आणि सुदामा नगरात मी त्यांचा भाडेकरू होतो. कुठे पाया खणलेला दिसला की ते स्कूटर थांबवत आणि चिमूटभर माती तोंडात टाकत. काकू म्हणत, "घरी जेवण नाही मिळत का, जे रस्त्यावरची माती खाऊन राहिले?"

माळव्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात फाटते. त्यामागे स्मेक्टाइट नावाचं खनिज. निचऱ्याच्या उंचवट्यावर पाणी हजारो वर्षं झिरपत राहिलं, की स्मेक्टाइटचं थराथराने केओलिनाइट होतं आणि माती लाल दिसू लागते. केओलिनाइट फुगत नाही. "पण सगळे थर एकदम नाही बदलत," काका सांगत. "रंग आधी बदलतो, स्वभाव नंतर. अर्धी बदललेली माती सबसे डेंजर."

हे त्यांना उशिरा कळलं होतं. घर बांधताना मागच्या बाजूला लाल माती लागली. पूर्ण बदललेली आहे असं धरून त्यांनी पाया उथळ घेतला. शहराची माती तपासणाऱ्या माणसाने स्वतःची तेवढी तपासली नाही.

मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. काकांनी त्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरने बसवली आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत सरकली की काच तुटते. रोज चहाआधी ते ती पाहून येत. पावसाळ्यानंतर बहुधा नवी बसवावी लागे.

पुढे मुलाने वर मजला चढवला. "पापा, इतक्या वर्षांत काही झालं का? टेन्शन नका घेऊ."

"मातीला घाई नाही, बेटा. तुला आहे."

नातवंडं मागच्या खोलीत झोपत. काकांनी त्यांच्या गाद्या पुढच्या खोलीत हलवल्या आणि स्वतःची खाट तड्याखाली लावली. मी कारण विचारलं. "काचेजवळ कोणीतरी पाहिजे ना, भिया. तुटली तर पहिले मला ऐकू येईल."

त्याच खाटेवर ते हृदयविकाराने गेले. त्या दिवशी काच शाबूत होती.

नंतर मी घर बदललं. यंदा पावसाळा सरल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला.

"भिया, पापा ती काचपट्टी कुठून आणायचे?"

"छत्रीबागेत, तसबिरींना फ्रेम करणाऱ्याकडून. किती हव्यात?"

"तीन," तो म्हणाला. "एक पुढच्या खोलीत लावायची आहे."