बिनआवाजाचा मेट

शालिकराम मेटला त्यांच्या गँगमधल्या कोणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, "तुले काय वाटते?" आणि तेही अशा आवाजात की सिग्नलच्या खांबावरचे कावळे उडून जावेत.

"मेटजी, हा सलीपाट सडला वाटते. बदलू का?"

"तुले काय वाटते?"

"सडलाच वाटते."

"मंग मले काहून विचारून राहिला गा? पाय दे त्याच्यावर. तो काय म्हणते ते ऐक."

सलीपाट म्हणजे रुळांखालचा आडवा लाकडी ओंडका, आणि मेट म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. इतवारीहून नागभीडकडे छोटी गाडी जाते, तिच्या रुळांचा चार मैलांचा तुकडा शालिकराम मेटच्या दहा गँगमनांकडे होता. त्या दहांतले एक नत्थू, म्हणजे माझे बाबा. आमची क्वार्टरं एका रांगेत, आणि भिंती अशा की शेजारी कोणी शिंकलं तर आपल्या घरचे लोक 'सत्य आहे' म्हणत. त्यामुळे ही हकीकत मी काही भिंतीतून ऐकली आणि उरलेली दहा जणांनी दहा वेळा सांगितली.

मेटची एक तऱ्हा साऱ्या लाईनवर हसण्याचा विषय होती. दुपारची भाकर खाऊन झाली की ते मेट राहत नसत. त्या दिवशी ज्याची पाळी, तो मेट. शालिकराम हातात पहारीसारखी सब्बल घेऊन रांगेत सगळ्यांत शेवटी उभे राहायचे आणि म्हणायचे, "सांग गा मेटा, काय कराचं?"

एकदा बाबांची पाळी होती. त्यांनी भलत्याच जोडाखाली गिट्टी भरायला लावली. शालिकराम भर उन्हात दोन तास गिट्टी ठोकत राहिले. संध्याकाळी रूळ होता तिथेच दबलेला.

"तुमाले माहीत होतं ना?" बाबा चिडले. "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू उद्या पुन्हा विचारलं असतं."

गँगमधल्या धोंडबाची पाळी आली की मात्र रूळ उचलायचं काम कोणी काढायचं नाही, असा अलिखित कायदा होता. रूळ उचलायचा तर मेटने हाक द्यावी लागते आणि बाकीच्यांनी 'हैशा' म्हणत एकदम जोर लावावा लागतो, आणि धोंडबा दिवसभरात 'हूं' सोडून काही बोलत नसे. 'हूं'वर दहा माणसं रूळ कसा उचलणार? एकाने जरी अर्धा क्षण उशीर केला तर शेजारच्याचा पाय जातो.

सत्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मेटचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवा यायला लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून सांगितलं, "सहा महिने एक शब्द बोलायचा नाही. बोललात, तर आवाज कायमचा गेला समजा."

मेटच्या घरच्या प्रयागबाई बाहेर येऊन साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तीस वर्सांनी मले घरात बोलाले भेटून राहिलं वं, बायाहो!" आणि आत जाऊन रडल्या. तेही भिंतीतून ऐकू आलंच.

गँगचं काम थांबलं नाही. आता दिवसभरच दुपार होती, एवढंच. मेट शिटी घेऊन पुढे उभे राहत, गाडी आली की शिटी मारत, आणि हाक ज्याची पाळी तो देई. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, आणि मग ही गोष्ट ताराचंद साहेबांच्या कानावर गेली.

ताराचंद साहेब रुळांचे इन्स्पेक्टर. ट्रॉलीवर बसून येत, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'मतलब' लावत, जणू आधीचं वाक्य मनातल्या मनात बोलून झालंय.

"मतलब, बगैर आवाज का मेट? ये क्या तमाशा है? गाडी आई तो आदमी हटेंगे कैसे?"

शालिकरामांनी शिटी काढून अशी वाजवली की साहेबांची टोपी सरकली.

"मतलब, सीटी ठीक है. लेकिन रेल कौन उठवाएगा? सीटी?" साहेबांनी वही उघडली. "गुरुवार को सुबह की गाडी जाएगी, दोपहर की आएगी. उसके बीच में एक रेल बदलना है. मैं खुद देखूँगा. मतलब, जो आवाज लगाएगा, उसी का नाम मेट में लिखूँगा. शालिकराम गँग को पानी पिलाएगा."

तीस वर्षं ज्याच्या हाकेवर रूळ हलले, तो माणूस आता डोक्यावर घागर घेऊन फिरणार!

गुरुवारी पाळी बाबांचीच होती.

बुधवारी संध्याकाळी मेट आमच्याकडे आले, सोबत प्रयागबाई. माझ्या आईने, कांताबाईने, चहा दिला. मेटने बाबांकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. बाई लगेच सांगायला लागल्या, "ते म्हणून राहिले, नत्थू, तूच आवाज दे. तू मेट झाला तं मले वाईट नाई वाटनार. कोणी तरी आपल्यातलाच झाला पायजे. अन् कांताबाईनं चहात साखर कमी टाकली."

मेटने जोरजोरात नकाराची मान हलवली.

"साखरेचं मी म्हणून राहिली," प्रयागबाई म्हणाल्या. "बाकीचं त्यायचं."

ते गेल्यावर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, ते सोताहून म्हणून राहिले, तं देऊन टाका ना आवाज. मेटची बायको म्हणून मीबी जराशी मिरवीन."

"चूप वं कांता."

"काहून चूप? तुमी नाई देल्ला तं दुसरा देईन."

"त्यायनं बोट माह्याकडे केलं," बाबा म्हणाले, "पण पाहून जमिनीकडे राहिले होते."

आई चहाचे कप विसळायला उठली.

गुरुवारी सकाळची गाडी गेली. दोन्ही बाजूंना लाल झंड्या लागल्या. जुन्या रुळाचे खिळे उपटून झाले, तो बाजूला लोटून झाला. नवा रूळ कडेला पडलेला. दहा जणांनी रूळ धरायचे लोखंडी चिमटे लावले आणि वाकून उभे राहिले. आता हाक.

हाक आली नाही.

मेटने बाबांच्या खांद्यावर थाप मारली. बाबा रुळाकडे बघत राहिले. मेटने दुसऱ्याकडे बोट केलं, तो आभाळाकडे बघायला लागला. तिसऱ्याला एकदम खोकला आला. कोणालाच ती हाक आपल्या तोंडातून जायला नको होती. हाक दिली की नाव लिहिलं जाणार, आणि ते लिहिलं की मेटच्या डोक्यावर घागर.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मतलब, शुरू करोगे, या पूजा का नारियल लाऊँ?"

मेटचं तोंड उघडलं. ते बोलणार होते. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या बाबांना दिसल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून ते हाक देणार, एवढ्यात रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

"उचल गा भाऊ!"

धोंडबा! नऊ जणांनी माना वळवल्या, म्हणून 'हैशा' म्हणायचं राहूनच गेलं. धोंडबाही तेवढंच बोलून गप्प झाला आणि त्याने कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. शेजारी गडबडला, पण ढोसण्याचा अर्थ त्याला कळला: आता तू हाक दे.

"उचल गा भाऊ!"

"हैशा!"

त्याने पुढच्याला ढोसलं. "वांगं शिजलं!"

"हैशा!"

"तिखट झालं!" हे बाबा.

"हैशा!"

"बायको रुसली!"

"हैशा!"

"सायेब पाहून राह्यले!"

"हैशा!"

रूळ उठला. हाक एकाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या तोंडात जात होती, साहेबांची पेन्सिल तिच्या मागे मागे फिरत होती, आणि रूळ सरळ जाऊन आपल्या जागेवर बसला. पुढे मेट उभे होते. त्यांचा तळहात वर गेला की दहा जण थांबत, खाली आला की ठेवत. खिळे ठोकून झाले, जोड आवळून झाले, तेव्हा दुपारच्या गाडीला अर्धा तास होता.

"मतलब, मेट कौन?" साहेबांनी विचारलं.

दहा बोटं शालिकरामांकडे.

"ये? ये तो मुँह से एक लफ्ज नहीं बोला! काम इसके बगैर हो गया. मतलब, इस गँग को मेट चाहिएच नहीं!"

माणसं स्वतःच्या पायांवर उभी राहावीत म्हणून ज्याने इतकी वर्षं जिवाचं रान केलं, त्याला त्यांच्या उभं राहण्यानेच घरी बसवायचं काम साहेबांनी काढलं होतं.

बाबांनी चिमटा खाली ठेवला. "सायेब, तुमी एक डाव बोलनारा मेट पाठवून पहा. आमी दहाही जन चूप होऊ. मंग रूळ त्याच्या एकट्याच्या गळ्यानं उचला लागन."

"मतलब, धमकी?"

"नाई सायेब. हे चूप आहेत म्हणून आमी बोलून राहिलो. यायनंच आमाले बोलाले शिकवलं. दुसरा मेट आमाले फक्त ऐकाले शिकवन."

साहेब रुळाशी वाकले. एक डोळा मिटून त्यांनी तो दोन्ही टोकांकडून पाहिला. रुळांमधलं अंतर मापलं, पुन्हा मापलं. चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं बाबा म्हणतात. मग झंड्या काढल्या, दुपारची गाडी दिसताच मेटने शिटी मारली, सगळे कडेला झाले आणि छोटी गाडी नव्या रुळावरून डुलत डुलत निघून गेली. जोडावर एवढासाही धक्का बसला नाही.

साहेबांनी वहीत कोणाचंही नाव लिहिलं नाही.

"मतलब," असं म्हणत त्यांनी वही मिटली, "छह महिने. उसके बाद डॉक्टर का कागज देखूँगा. और सोमवार को उधर मोड पर दो रेल बदलने हैं. ये तो सीधा था. मोड पर मालूम पडेगा."

ट्रॉली निघून गेली. शालिकरामांनी धोंडबाच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की त्याच्या हातातला चिमटा पडला, आणि कोणाला काही न सांगता ते वळणाकडे चालू लागले, सोमवारचे रूळ बघायला. दहा जणांनी आपापली अवजारं उचलली आणि सोमवारी पहिली हाक कोणाची, यावर कचाकचा भांडत तेही मागोमाग निघाले.