अम्मीची मशीन शुक्रवारी तापते

किस्से गोळा करायला आम्ही कधी कुठे गेलो नाही. पनवेलला उरण नाक्याजवळ आमचा गाळा. शटर वर केलं की किस्से आपणहून आत यायचे. कधी रिक्षातून, कधी स्कूटरवर पायाशी ठेवून, एकदा तर चादरीत गुंडाळून! असेंबल्ड कॉम्प्युटरचा काळ होता. दुकान तिघांचं: मी, विन्या आणि सलीम. "तापतो हो फार," अशी तक्रार आली की ती सलीमची. कॅबिनेटच्या मागे नुसता हात धरून तो सांगायचा, हवा कुठे अडलीय ते.

सलीम आता दोह्याला असतो. मी आणि विन्या तेच किस्से एकमेकांना ऐकवतो आणि हसतो. खरं सांगू? सलीम समोर नसताना त्याचे किस्से सांगायला मला अजिबात आवडत नाही. पण दुसरे आहेत कुठे आमच्याकडे!

*

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका शेठचा कॉम्प्युटर दुपार झाली की बंद पडायचा. सलीमनं पत्रा उघडला तर आत चिकट काजळी. कुठून येते कळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी तो ऑफिस उघडायच्या वेळीच तिथं जाऊन बसला.

शेठ आले. गणपतीला हार घातला, मॉनिटरला कुंकू लावलं आणि पेटती उदबत्ती थेट कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत खोचली! भोक अगदी मापाचं होतं. आतला पंखा सगळा धूर ओढून घेत होता.

"शेठ, देव तिकडे भिंतीवर आहे," सलीम म्हणाला.

"पण धंदा तर ह्याच्यातूनच होतो ना! मग काय, मागून ओवाळू?"

"ओवाळा की. मागून हवा बाहेर येते. सगळी राख तुमच्या तोंडावर उडेल!"

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. उदबत्तीची जागा खिडकीत गेली आणि सलीमला पेढा मिळाला.

*

प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, उष्णता वर सरकावी म्हणून. ती लावायची तांदळाच्या दाण्याएवढी. आमचा विन्या मुळात सढळ हाताचा. त्यानं एकदा अख्खी ट्यूब पिळली. मशीन चालू केली तर तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढे!

सलीमनं कूलर उचलला, बराच वेळ आत बघत राहिला आणि मला म्हणाला, "नित्या, पुऱ्या मागव. श्रीखंड तयार आहे."

विन्या चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी डबा उघडला तर त्याच्या आईनं खरंच श्रीखंड-पुरी दिलेली! दोघं एकाच डब्यात जेवले.

*

आपटा गावच्या एका तात्यांना सलीमनं बजावलं होतं, "तात्या, मशीन चालू असताना वर कव्हर घालू नका. हवा लागू द्या." तात्यांनी कव्हर काढलं. पण वैशाखात मशीन परत तापली. आम्ही गेलो तर कॅबिनेटवर चांगलं चौपदरी ओलं फडकं! पाणी टपटप खाली गळतंय आणि तात्या शेजारी तांब्या घेऊन बसलेत.

विन्या ओरडला, "तात्या, शॉक लागेल! मराल!"

"माठाला वलं फडकं घालतो, तर पानी गार व्हतं का नाय? मंग ह्यानंच काय पाप केलंय?"

मला हसू आवरेना. सलीमनं आधी मेन स्विच बंद केला. मग फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि म्हणाला, "तात्या, तुमची अक्कल बरोबर आहे. फक्त ह्याला पाणी चालत नाही." तात्या खूश झाले. येताना त्यांनी आम्हाला कैऱ्या दिल्या. सलीम असा होता, समोरच्याला लाजवायचा नाही.

*

मग लॅपटॉप आले. लोक असेंबल करून घेईनात. दुपार दुपार आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसायला लागलो.

एकदा सलीम सहज बोलल्यासारखं म्हणाला, "छोट्या कॅबिनेटमध्ये तीन पंखे बसवले की एकमेकांचीच हवा खातात रे."

विन्या म्हणाला, "मग मोठं कॅबिनेट घेऊ!" त्याला ते कॉम्प्युटरबद्दलच वाटलं. मला कळलं होतं. महिन्याभरात सलीमचा व्हिसा आला. दोह्याला एसीचे डक्ट बसवायचं काम. निघायच्या दिवशी विन्यानं विनोद केला, "बघा, आता अख्खं वाळवंट थंड करायला चाललाय!" कोणीच हसलं नाही. विन्या स्वतःही नाही.

*

जायच्या आधी सलीमनं दुकानातल्या उरल्यासुरल्या पार्टमधून आईसाठी एक मशीन बांधली. वर वेबकॅम. वडील लहानपणीच गेलेले, घरात अम्मी एकटीच. तिचं मागणं एवढंच, की आठवड्यातून एकदा पोराचा चेहरा दिसावा. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून कॉल शुक्रवारी, नमाजनंतर.

पहिल्याच शुक्रवारी दुकानात फोन. "बेटा, तो बोलता बोलता काळा झाला! आता आवाज पण नाही!"

आम्ही धावलो. मशीन तापून आपोआप बंद पडलेली. अम्मीनं ती शोकेसमध्ये चिनी मातीच्या कपबश्यांशेजारी ठेवून काचेचं दार लावून घेतलं होतं. "सलीमनं आपल्या हातानं बनवलीय. धूळ बसू देऊ?"

मशीन बाहेर काढली. तरी पुढच्या शुक्रवारी तेच. जुना प्रोसेसर, जुना कूलर, व्हिडिओचा ताण. थोडं बोलणं झालं की पडदा काळा. सलीम काहीतरी सांगत असायचा, अम्मी "हां बेटा, हां बेटा" करत असायची आणि मध्येच सगळं गप्प. मग ती तशीच काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. शेजारणीनं आम्हाला सांगितलं, तेव्हा विन्या उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

*

शेवटी सलीम म्हणाला, "मीच बघतो." पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं अम्मीकडे, सलीम पडद्यावर. मागे त्याच्या खोलीतले लोक घरी कॉल करायला आपापल्या नंबराची वाट बघत उभे.

"नित्या, माइक पंख्याजवळ धर. अजून जवळ. विन्या, बाजूचा पत्रा काढ. आता ऐकू दे." डोळे मिटून तो तिकडून पंखा ऐकत होता. "बेअरिंग गेलंय रे. घासल्याचा आवाज येतोय. परत एकदा धर."

अम्मी खुर्चीच्या कडेला बसली होती. मग पदर सावरून पुढे वाकली आणि म्हणाली, "सलीम, माझ्याशी बोल ना रे. मशीनशी काय बोलतोस?"

सलीमनं डोळे उघडले, तोंड उघडलं आणि तेवढ्यात मशीन बंद पडली!

*

मग आम्ही चंगच बांधला. नवा कूलर आणला, पेस्ट विन्यानंच लावली, दाण्याएवढी! बाजूच्या पत्र्याला भोक पाडून मोठा पंखा बसवला. आकडा असा खाली आला की आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. त्या शुक्रवारी कॉल कितीही चालला तरी मशीन बंद पडली नाही.

काही आठवड्यांनी अम्मी स्वतः रिक्षा करून दुकानात आली. आम्हाला वाटलं, आशीर्वाद द्यायला आली.

"बेटा, तो मोठा पंखा काढून टाक."

"का अम्मी? आवाज येतो का?"

"नाही." ती स्टुलावर बसली. "आधी मशीनच बंद व्हायची. आता बंद कोणी करायचं? तो करत नाही. माझ्यानं होत नाही. बोलणं संपतं आणि आम्ही नुसते बघत बसतो. मग तो रडतो. एवढा मोठा पोरगा, लोकांसमोर."

विन्यानं खिशात स्क्रूड्रायव्हर टाकला आणि तिच्याच रिक्षातून गेला.

शुक्रवारी संध्याकाळी दोह्याहून फोन आला. मीच घेतला.

"नित्या, मशीन परत तापायला लागली रे. आज मध्येच गेली."

"हो का," मी म्हणालो. "उद्या जाऊन बघतो."



"नको," सलीम म्हणाला. "राहू दे तशीच."