मागे न येणारी होडी

रिव्हर्समामांचं खरं नाव होडीच्या परवान्यावर होतं, तेवढंच. धक्क्यावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरे लोक ज्या सफाईने होडी पुढे नेत, त्या सफाईने मामा ती मागे आणत, म्हणून रिव्हर्समामा. संध्याकाळी सगळ्या होड्या नाकाने येऊन धक्क्याच्या टायरांवर धडकायच्या. कुणी आरडाओरडा करायचं, कुणी बांबू लावायचं, कुणी दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. मामा मात्र लांबवरच होडी फिरवायचे, पाठ धक्क्याकडे करायचे आणि दोन होड्यांच्या मधल्या सांदीत शेपटीकडून अशी आत घालायचे, की टायरवर बसलेला कावळाही उडायचा नाही.

मामींना तेच आवडायचं नाही. घर धक्क्याला लागूनच.

"चोरासारखे येता," त्या म्हणायच्या. "बाकीच्यांच्या होड्या आपटल्या की त्यांच्या बायकांना कळतं, त्या चहाचं आधण ठेवतात. तुम्ही एकदम दारात उभे. मी काय दिवसभर पातेलं हातात धरून बसू?"

"तू ठेव आधण. मी आणखी थोडा मागे जाऊन येतो," मामा म्हणायचे.

ही विद्या काही मिरवण्यासाठी शिकलेली नव्हती. होडीच्या शेपटीला जाळं असतं. ओढता ओढता ते तळाशी कशात तरी अडकतं, फाटतं, आणि दोरी सैल पडते. अशा वेळी पुढे पळत राहणारा जाळं गमावतो. सैल दोरी विंचच्या रहाटावर गुंडाळत होडी मागे घ्यायची, जाळ्याच्या डोक्यावर यायचं, आणि मग सोडवायचं. मामा दोरीवर अनवाणी टाच ठेवून उभे राहायचे. टाचेला ढील कळली की इंजिनाचा दांडा मागे. मध्ये विचार नाही. "ढील पडली की मागे ये" हे त्यांच्या बापाचं वाक्य, आणि बापाने ते पाठीत धपाटे घालून शिकवलेलं.

मग खाडीतली मासळी आटली. जाळं वर यायचं ते चिखल, पिशव्या आणि बोटाएवढी चार पोरकी मासळी घेऊन. मामांची लेक, एकुलती एक, लांबच्या शहरात एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली. दिवाबत्तीच्या वेळी मामी तिच्या खोलीचं दार उघडून आत बघायच्या आणि परत लावायच्या. मामांनी विंचला तेल घालणं सोडलं होतं.

सुट्टीत आलेल्या लेकीनेच विषय काढला. पलीकडच्या वाळूवर हॉटेल झालं होतं. तिथल्या पाहुण्यांना होडीमागे फुगवलेल्या ट्यूबवर बसून ओढून घ्यायचं असायचं, पायाला फळ्या बांधून पाण्यावर घसरायचं असायचं.

"बाबा, आपली होडी हलकी आहे. मोठं इंजिन लावलं तर पळेल. तू चालव, मी मागे तोंड करून बसते, पाहुण्यांवर लक्ष ठेवते. मग मला कारखान्यात जायला नको."

"म्हणजे आजवर मासे ओढले, आता माणसं ओढायची?"

"माणसं पैसे देऊन ओढून घेतात, बाबा. मासे कुठे देत होते?"

मामी हसल्या. पण मामांच्या कानात एकच वाक्य राहिलं: मग मला कारखान्यात जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाने घेऊन ते विंच सोडवायला बसले.

गंजलेले बोल्ट निघता निघेनात. धक्क्यावरचा वेल्डर आला, त्याने एकेक तापवून काढला. विंच उतरवून परसात ठेवली तेव्हा मामींनी तिच्यावर जुनं गोणपाट टाकलं. विंचच्याच जागी, त्याच भोकांत, वेल्डरने लोखंडी खांब उभा केला. ओढायची दोरी वरच्या टोकाला बांधली, म्हणजे ती इंजिनाच्या वरून जाईल, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात येणार नाही. ट्यूबसाठी जाड दोरी, फळ्यांवाल्यांसाठी बारीक, न ताणणारी. दोरी बुडू नये म्हणून मामांनी जाळ्याचे जुने तरंगे तिच्यात ओवले. भंगारातल्या ट्रकचा आरसा सुकाणूपाशी बसवला. मासळीच्या पेटीची झाकणं ठोकून लेकीसाठी उलट्या तोंडाचं बाकडं केलं. होडी सोड्याने घासली, लिंबाने घासली. वास गेला नाही.

"पाहुण्यांनी नाक धरलं तर?" वेल्डरने विचारलं.

"एक हात नाकाला, एक दोरीला," लेक म्हणाली. "पडतील लवकर. पुढच्याचा नंबर लागेल."

एका गोष्टीवरून मात्र मामा आणि वेल्डर यांचं जुंपलं. मागे वजन आलं की खांब मागे झुकू पाहणार, म्हणून त्याला पुढून ताण हवा. वेल्डर म्हणत होता लोखंडी पाइप लावू. मामा म्हणाले, नको, दोरी लावू. आणि ती दोरी त्यांनी नेमकी सुकाणूच्या पायाशी आणून बांधली, टाचेखाली येईल अशी.

"आरसा दिलाय की बघायला!" वेल्डर वैतागला.

"आरशात दिसतं. टाचेला कळतं," मामा म्हणाले.

वेल्डरने हात झटकले. म्हाताऱ्याच्या नादी कोण लागणार!

हॉटेलच्या शिकवणाऱ्याने नियम सांगितला होता: माणूस पाण्यात पडला की लांबून वळसा घालायचा, होडी पुढच्या तोंडाने, हळू, त्याच्या बाजूला न्यायची आणि इंजिन बंद करायचं. मागे घ्यायची नाही. कधीच नाही, कारण मागे पंखा असतो. परवाना देणाऱ्या साहेबाने तेच विचारलं. मामांनी शाळकरी पोरासारखं घडाघडा म्हणून दाखवलं. साहेबाने शिक्का मारला. त्या दिवशी मामींनी लेकीच्या खोलीतली गादी उन्हात टाकली.

पहिले पाहुणे यायच्या आधी लेकीला फळ्यांवर उभं राहायला शिकायचं होतं. आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला काय सांगणार, असं तिचं म्हणणं. शिकणाऱ्याला दोरी आखूड लागते, तशी आखूड बांधली. उलट्या बाकड्यावर वेल्डर बसला. मामी धक्क्यावर, डोळ्यांवर हात धरून.

लेक पडायची, उठायची, नाकातोंडातलं पाणी थुंकायची आणि ओरडायची, "अजून एकदा!" प्रत्येक वेळी मामांनी सांगितल्याप्रमाणे लांबून वळसा घातला. तोंडाने नियम म्हणत घातला, वेल्डरने ऐकलं.

आणि मग ती उभी राहिली. गुडघे थरथरताहेत, तोंड वासलेलं, पण उभी. मामांनी आरशात पाहिलं आणि असे हसले, की वेल्डर म्हणतो, तसं हसताना त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नियम म्हणणं थांबवलं. वेग जरा वाढवला.

लाट कुठून आली कळलं नाही. लेक तोंडावर आपटली. आरशात डोकं दिसेना. टाचेखालची दोरी सैल पडली.

दांडा मागे गेला.

वेल्डर ओरडत होता, पण मोठ्या इंजिनापुढे त्याचा आवाज कोण ऐकतो? होडी शेपटीकडून सरळ, सुरेख, जराही न डगमगता मागे गेली. लेक वर आली ती अगदी जवळच. मागे सरण्यासाठी तिने पाय झाडले. मग तिची किंकाळी आली. ती मात्र मामांना ऐकू आली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मामा ओल्या कपड्यांनी, अनवाणी उभे होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "पायाला कशाने लागलं?"

"माझ्या हाताने," मामा म्हणाले.

उजवा पाय अर्धा राहिला. टाच वाचली, पुढचं गेलं.

ती घरी आली तेव्हा मामांनी होडीला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. लेकीला कुणाकडून तरी कळलं. भिंतीला धरत धरत ती ओटीवर आली.

"होडी विकतोयस?"

मामांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"आणि मी काय करू? कारखान्यात उभ्याने काम असतं, बाबा. मला आता बसून करायचं एकच काम येतं. मागे तोंड करून."

"पोरी, नियम मला पाठ होता गं."

"माहीत आहे."

"डोक्याला पाठ होता. हाताला..." मामी आतून आल्या, नवऱ्याचा हात पदराने पुसला, जसं काही त्याला काही लागलंय, आणि परत आत गेल्या.

होडी विकली नाही. पण मामांनी टाचेखालची दोरी कापून टाकली आणि वेल्डरला पाइप लावायला सांगितला. मग बाभळीचा एक ठोकळा तासला, इंजिनाच्या दांड्यामागच्या खाचेत घट्ट ठोकला आणि वरून स्क्रू पिळले. आता दांडा पुढे जातो, मधे थांबतो. मागे जात नाही.

पाहुणे येतात, ट्यूबवर किंचाळतात, खूश होऊन जातात. लेक बाकड्यावर बसते, कुणी पडलं की हात वर करते. मामा लांबून वळसा घालतात. इतक्या लांबून, की पडलेला माणूस कंटाळतो.

एकदा वारा उलटा होता आणि धक्क्यावर होड्यांची दाटी. मामांनी नाकाने आत शिरायचा प्रयत्न केला, वाऱ्याने बाजूला ढकललं. पुन्हा केला, शेजारच्या होडीला घासले. मागे पाठीला सरळ मोकळी वाट होती, पूर्वी त्यांनी डोळे मिटून घेतली असती अशी.

"बाबा, काढ तो ठोकळा," लेक हळूच म्हणाली. "मागे कुणी नाही. मी बघतेय ना."

मामांनी वळून पाण्याकडे पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला, ठोकळ्यावर टेकवला. टोक काही केल्या स्क्रूच्या खाचेत बसेना. लेकीने तो त्यांच्या हातातून काढून पेटीत ठेवला आणि बांबू उचलला. वेल्डरने धक्क्यावरून दोरी झेलली. धक्क्यावर चिक्कार माणसं होती, एरवी दुसऱ्याची फजिती म्हणजे त्यांचं जेवण. कुणी हसलं नाही. त्यांना रिव्हर्समामा म्हणणंही कधी बंद झालं, कुणाला सांगता येणार नाही. आता नुसते मामा.

होडी रोज अशीच येते. एकदा आपटते, टायरवरून उसळते, पुन्हा आपटते. घरात मामींना पहिला धक्का ऐकू येतो आणि त्या उठून आधण ठेवतात. चहा आता वेळेवर होतो. मामी तो गाळतात, तीन कप भरतात आणि दाराकडे बघत नाहीत. पायऱ्यांवरून येणारी पावलं त्यांना ऐकूनच कळतात: एक पूर्ण, एक अर्धं, आणि त्यांच्या मागे, लेकीच्या पुढे कधीही न जाणारी, नवऱ्याची.