रडू न येणारं पुस्तक

नाशिकरोडला बिटको चौकातून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वाचनालय आहे. मंजुषाताई मौले तिथे देवघेवीच्या टेबलामागे बसतात. सभासद जिना चढून धापा टाकत येतात, हातातलं पुस्तक टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, काहीतरी चांगलं द्या."

चांगलं म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही सांगता येत नाही. मंजुषाताई मग विचारतात, "वाचता कधी? दुपारी की झोपताना?" नाहीतर, "सध्या घरात कोण कोण आहे?" लोकांना हे प्रश्न चमत्कारिक वाटतात, पण ते उत्तरं देतात. लेक बाळंतपणाला आलेली असेल तर जाडजूड कादंबरी काय कामाची, छोट्या गोष्टी बऱ्या. नवऱ्याचं ऑपरेशन असेल तर दवाखान्यातल्या बाकावर एका हातात धरता येईल असं हवं.

ही रीत त्यांनी आईकडून उचलली. मखमलाबादला घरचीच शेवंती आणि गुलाब असायचे. आई, गोजराबाई, सराफ बाजाराजवळ फुलांची पाटी घेऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारायची, "कशासाठी न्यायची?" पूजेला नेणाऱ्याला ती उमललेली फुलं द्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्याला नेणाऱ्याला कळ्या. मयताला न्यायची असतील तर काहीही न बोलता पटकन पुडा बांधून द्यायची. शाळकरी मंजुषा शेजारी बसून हार ओवायची आणि ऐकत राहायची.

गेल्या काही वर्षांत मंजुषाताई थकल्या. गुडघे तर दुखायचेच. आई आता त्यांच्याकडे असते, अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिचं सगळं उरकायचं, तिला शेजारच्या अक्काबाईंच्या स्वाधीन करायचं, दिवसभर कपाटं आणि टेबल यांच्यात फेऱ्या मारायच्या, घरी जाऊन पुन्हा तेच. जेवण झाल्यावर त्या पुस्तक उघडायच्या आणि दुसऱ्या पानावर चष्म्यासकट झोपी जायच्या. कित्येक महिन्यांत त्यांचं एकही पुस्तक पूर्ण झालं नव्हतं.

तरी टेबलापाशी लोक विचारतच होते. मग त्या जुन्या आठवणीतून सांगायच्या. नाहीतर एकजण पुस्तक परत करताना जे बोलला तेच पुढच्याला सांगायच्या. "भाषा फार गोड आहे." "शेवट अगदी अंगावर येतो." कोणाच्याही लक्षात आलं नाही. उलट लोक खूश होऊन जायचे, आणि तेच त्यांना जास्त थकवायचं.

त्यात वाचनालयाच्या कार्यकारिणीने अभ्यासिकेचं मनावर घेतलं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी, कादंबऱ्या आता कोण वाचतं, असं चिटणीसांचं म्हणणं. त्यात खोटंही काही नव्हतं. एके दिवशी ते टेप घेऊन आले आणि ललित विभागाच्या भिंती मोजायला लागले. मंजुषाताईंना टेपचं दुसरं टोक धरून उभं राहावं लागलं.

त्याच दिवशी दीपमाला धांडे आली.

दीपमाला देवळाली कॅम्पला राहायची. माहेर-सासर दोन्ही घोटीकडचं, नवरा तोफखान्यात सुभेदार. त्यांचा एकुलता एक मुलगा, रविराज, इंजिनिअरिंगला होता. महामार्गावर ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं आणि तो जागीच गेला. त्यानंतर काही महिन्यांनी ती सभासद झाली. कॅम्पातून बसने यायची, पुस्तक द्यायची, घ्यायची. रविराजचं तिने एकदाच सांगितलं होतं, तेही नाव नोंदवताना, घरात माणसं किती या प्रश्नावर. मंजुषाताईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, असं द्या ज्यात रडू येणार नाय."

चिटणीस पलीकडून ओरडत होते, "मॅडम, टेप सोडू नका!" मंजुषाताईंची कंबर ठणकत होती. त्यांनी मोकळा हात वर करून कपाटातून एक पुस्तक काढलं. दोन मित्र सायकलवरून थेट आसामपर्यंत जातात, त्या भटकंतीचं. कॉलेजात असताना त्यांनी ते वाचलं होतं. पंक्चर, धाब्यावरची भांडणं, नदीत पडलेला स्टोव्ह, एवढं त्यांना आठवत होतं.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "यात रडू येत नाही. हसाल."

दीपमालाने ते पिशवीत टाकलं आणि ती गेली.

त्यानंतर ती आलीच नाही. मंजुषाताईंना अधूनमधून वाटायचं, आजारी असेल, गावी गेली असेल. मग हिरामण काका आले. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला यायचे.

"ते सायकलवाल्यांचं पुस्तक कुठाय हो मॅडम? पुन्हा वाचावंसं वाटतंय."

"बाहेर आहे काका. कॅम्पातल्या धांडेताईंकडे."

"असू द्या, आलं की ठेवा. काय पुस्तक आहे! दोघांतला तो धाकटा ट्रकखाली जातो ना, त्या पानाशी मी दोन दिवस अडकलो होतो."

मंजुषाताईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "ट्रकखाली?"

"म्हणजे काय! शेवटाकडे. विसरलात?"

त्या खरंच विसरल्या होत्या. काका पुढे बोलत राहिले, पण त्यांना काही ऐकू आलं नाही. दुपारी त्यांनी चिटणीसांना तब्येतीचं कारण सांगितलं आणि कॅम्पाची बस पकडली.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी त्यांना बरं वाटलं नाही. काय बोलायचं हे जुळवत होत्या आणि प्रत्येक वाक्य त्यांना वाचनालयातल्या सूचनेसारखं वाटत होतं. क्वार्टर विचारत विचारत त्या पोचल्या तेव्हा दीपमाला दारात बसून मेथी निवडत होती.

"अगंबाई, मॅडम! तुम्ही इथवर कशाला आलात?" ती उठली. "पुस्तक द्यायचं राहिलं म्हणून? मी येणारच होते."

"पुस्तकासाठी नाही आले."

"या, आत या. चहा टाकते."

आत दोन खोल्या होत्या. टीव्हीवर रविराजचा हार घातलेला फोटो होता. लांबच्या रेंजवर तोफांचं फायरिंग चालू होतं. मधूनच धप्प आवाज यायचा आणि खिडकीची काच थरथरायची. दीपमालाचं तिकडे लक्षही नव्हतं. तिने चहा आणून ठेवला.

मंजुषाताई म्हणाल्या, "दीपमालाताई, त्या पुस्तकाचा शेवट माझ्या लक्षात नव्हता. मी द्यायला नको होतं. माफ करा."

"वाटलंच मला, की मॅडम विसरल्या असतील."

"तुम्ही वाचलंत?"

"तिथवर वाचलं." तिने पदराने कपाची कड पुसली. "खरं सांगू? रागावू नका. वर्षभर तुमच्याकडून पुस्तकं नेते, पण एकबी वाचलं नाय."

मंजुषाताईंना आधी समजलंच नाही. "अहो, पण तुम्ही तर सांगायचात, छान होतं म्हणून!"

"मागच्या बाजूला लिहिलेलं असतं ना थोडं, तेवढं वाचून यायचे. अक्षरं बघितली तरी डोकं भणभणायचं."

"मग नेत कशाला होतात?"

"घरातून निघायला काही कारण पाहिजे ना मॅडम. बाजारात गेलं की बाया हात धरून विचारतात, कसं झालं, कुठं झालं. नायतर मला बघून एकदम गप्प होतात. तुमच्याकडं आलं की तुम्ही एवढंच विचारणार, मागचं कसं वाटलं. लय बरं वाटायचं ते."

बाहेर पुन्हा धप्प झालं.

"मग हेच का उघडलंत?" मंजुषाताईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, यात रडू येत नाय. म्हटलं बघू." तिने कप खाली ठेवला. "आणि चांगलं होतं हो. ते दोघं स्टोव्हवरून भांडतात तिथं मी हसले. मोठ्यानं हसले. हे आतून बाहेर आले, काय झालं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी ते पान आलं."

मंजुषाताईंनी मान खाली घातली. "खूप रडलात?"

"नाय. राग आला. तुमचाच आला. म्हटलं, या बाईला सगळ्यांचं सगळं कळतं, आणि एवढं ठाऊक नव्हतं? पुस्तक आपटलं तिकडं. लय तडतडले. मग भूक लागली. सकाळची भाकरी होती, ती तव्यावर तापवली आणि ठेच्याबरोबर खाल्ली. किती महिन्यांनी तोंडाला चव आली."

मंजुषाताई बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरल्या आणि त्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "मला कुणाचं काही कळत नाही, दीपमालाताई. मी आता वाचतच नाही. होतच नाही वाचून. आईचं करते आणि झोपते. एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगते, इतकंच."

दीपमाला म्हणाली, "म्हणजे तुम्ही न वाचता देता आणि मी न वाचता परत आणते."

"तसंच झालं."

दोघी हसल्या. फार नाही, थोडंच. मग दीपमालाने दारातली मेथीची परात आत ओढली आणि मंजुषाताईही बसल्या बसल्या निवडायला लागल्या.

मंजुषाताई निघाल्या तेव्हा दीपमालाने पुस्तक आणून दिलं. "शेवटचं प्रकरण राहिलंय. वाचू का नको?"

मंजुषाताईंच्या ओठांवर "वाचा, छान आहे" आलं होतं. सवयच होती. त्यांनी ते गिळलं. "मला आठवत नाही. आधी मी वाचते, मग सांगते."

ते एक प्रकरण वाचायला त्यांना बरेच दिवस लागले. आईला भरवताना एक पान, अक्काबाई यायच्या आधी अर्धं, असं. मग त्यांनी दुपारी दीपमालाला फोन केला.

"वाचलं. तो जगलेला मित्र सायकल परत द्यायला त्या धाकट्याच्या आईकडे जातो. ती त्याला घरात घेत नाही. तिथेच संपतं."

"घेत नाय?"

"नाही. दार लावून घेते."

मग दीपमाला म्हणाली, "बरं झालं. घेतलं असतं तर खोटं वाटलं असतं. ठेवा माझ्यासाठी, नेते मी."

ती आली, घेऊन गेली, आणि तिने ते वाचलं. परत देताना मंजुषाताईंनी कसं वाटलं ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर मंजुषाताईंनी एक केलं. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्या सरळ सांगायला लागल्या, "मी वाचलेलं नाही." जुन्याबद्दल म्हणायच्या, "वाचून फार वर्षं झाली, आता भरवसा नाही." लोकांना हे आवडलं नाही. मालनबाई नावाच्या एक सभासद तर फणकाऱ्याने म्हणाल्या, "मग तुम्ही इथे बसता कशाला?" काहीजण यायचे बंद झाले. मॅडम पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, असं हिरामण काकाही कुणाला तरी म्हणाले, ते त्यांच्या कानावर आलं. त्यांना वाईट वाटलं, पण खोटं बोलायचा कंटाळा त्याहून मोठा होता.

अभ्यासिका झाली. ललित विभागाची निम्मी कपाटं खोक्यांत भरून गच्चीवरच्या खोलीत गेली. देवघेवीचं टेबल जिन्याजवळ सरकलं, तिथे वाऱ्याची झुळूक येत नाही. मुलं खाली मान घालून दिवसभर बसलेली असतात. मंजुषाताईंच्या गुडघ्यांना आराम नाही आणि आईची तब्येतही सुधारलेली नाही. तरी त्या वाचतात. हळू वाचतात, महिन्याकाठी एखादं. त्यामुळे आता कोणी काही चांगलं मागितलं तर त्यांच्याकडे सांगण्यासारखी चार-दोनच नावं असतात. ती मात्र बारकाव्यांसकट सांगतात: मधला भाग रटाळ आहे, बापाचं मरण आहे, शेवट गडबडीत उरकलाय. ऐकून एखादा घेतो, एखादा हात हलवून निघून जातो.

दीपमालाचा नवरा निवृत्त झाला आणि दोघं घोटीला स्वतःच्या घरी राहायला गेली. भात-लावणीच्या दिवसांत तिला फुरसत नसते. एरवी ती तिथल्या शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं मागून आणते. परवा तिचा फोन आला.

"मॅडम, मी एक सुचवू का? मला येत नाय सांगता, पण वाचाच तुम्ही. एक बाई असती, ती नवऱ्याला सोडून चहाची टपरी टाकते. दोन दिवसांत संपवलं मी."

मंजुषाताईंना आयुष्यात कोणी असं "वाचाच तुम्ही" म्हटल्याचं आठवेना. सगळे त्यांनाच विचारायचे. गच्चीवरच्या खोलीत खोकी उपसून त्यांनी ते पुस्तक शोधलं. धुळीने शिंका आल्या. पुढचे दोन-तीन आठवडे बसमध्ये, आईच्या उशाशी, डुलक्या घेत, पुन्हा मागची पानं चाळत, त्यांनी ते वाचून संपवलं.

त्यांना ते आवडलं नाही.

रविवारी दुपारी आई झोपल्यावर त्यांनी फोन लावला. "दीपमालाताई, वाचलं मी. अहो, ती बाई सारखी भाषण काय देते! चहा करताना एवढं कोण बोलतं?"

"बोलती की! तुम्हाला काय माहीत? आमच्या घोटीच्या स्टँडवर येऊन बघा एकदा."

"पण मग तो नवरा एकदम सुधारतो कसा?"

"सुधारत नाय तो! तुम्ही नीट वाचलं नाय. त्या बाजाराच्या दिवशी तो काय म्हणतो? काढा ते पान."

मंजुषाताईंनी चष्मा लावला, भिंतीला पाठ टेकली, आणि पान शोधायला लागल्या.