घाटात सुटलेला नारळ

असल्या प्रवासाला माझी लेक इंग्रजीत ‘व्हाइट नकल’ म्हणते. म्हणजे भीतीने मूठ इतकी आवळायची की बोटांचे सांधे पांढरे पडायचे. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आईची बोटं सावळी, ती कुठली पांढरी पडायला! आमची आपली सरळ गाळण उडते.

चोपन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले ती एकाच हट्टापायी. माहेर सिन्नरला, नाशिकपासून तासाभरावर. पण आईला भेटायचं तर आमच्या ह्यांना सवड हवी. आई माझी आणि सवड ह्यांची, हा कुठला न्याय? शेवटी ह्यांनी अट घातली, ‘एकदा सिन्नरला नेऊन दाखव. मला मध्ये हात घालावा लागला, तर किल्ली माझ्याकडे.’

निघताना गाडीची पूजा झाली. पूजेचा नारळ ह्यांनी डॅशबोर्डवर मांडला. शुभ असतो म्हणे.

मोहदरी घाटापर्यंत सगळं झकास. चढाच्या वळणावर नारळ गडगडला तो थेट माझ्या पायांत. तेवढ्यात पुढचा टोमॅटोचा ट्रॅक्टर थांबला. ब्रेक दाबते तर दबेचना! नारळ खाली अडकलेला. अगं आई गं! शेजारी हे दोन्ही हातांनी वरची कडी धरून, डोळे मिटून, राम राम राम. मीच हँडब्रेक खस्सकन ओढला. चढ होता म्हणून वाचलो. गाडी आचके देत ट्रॉलीच्या हातभर मागे उभी राहिली.

मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. मी वाकून नारळ काढला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला. ‘धरा आता घट्ट!’ हे आधी नारळाकडे बघत राहिले, मग असे खो खो हसत सुटले की मलाही आवरेना.

आई दारातच होती. ऐंशी पार केलीय, दिसतं कमी. ती नेहमीसारखी ड्रायव्हरच्या बाजूला आली, ‘या जावईबापू,’ म्हणाली, आणि काचेतून बघते तर मी!

‘तू आणली गाडी?’

‘तिनंच आणली,’ पलीकडून हे म्हणाले. ‘मी नुसता बसून होतो.’

आईने माझा हात धरला. ‘मंग आता यायला कुणाला इचारायचं नाय ना तुला?’

‘नाही गं,’ मी म्हणाले.

‘मंग परवा ये,’ ती म्हणाली.